बीओएम, एसटीआर, राधोंब

नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात माझं खरं नाव ठाऊक असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच. बाकी सगळे मला राधोंबा म्हणतात. हमाल म्हणतात, व्यापारी म्हणतात, चहावाला तर गेटापासूनच ओरडतो, "ओ राधोंबा, कोरा का दुधाचा?" नवख्या माणसाला वाटतं, हे कुठल्या तरी डोंगरावरच्या देवाचं नाव असावं. तसं काही नाही. रा, धों आणि ब ही माझ्या वडिलांची तीन अक्षरं. रा त्यांचा, धों त्यांच्या वडिलांचा आणि ब आडनावाचा. लाल क्रेट, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं काढलेली ही तीन अक्षरं आणि त्यांच्या डोक्यावरून गेलेली एक जाड रेघ. हा आमचा मार्क. त्यात माझ्या नावाचं अक्षर कुठंच नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलेलं नाही.

ज्यांनी हे मार्केट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हंगामात जुन्नर-आंबेगावच्या गावागावांतून टोमॅटो इथं येतो. पिकअप, ट्रॅक्टर, जीप, ज्याला जे मिळेल त्यातून येतो. माल क्रेटसकट विकला जातो, क्रेटसकट ट्रकात चढतो आणि कुठल्या कुठं जातो. रिकामे क्रेट मागाहून परत येतात आणि आवारात त्यांचे ढीग लागतात. त्या ढिगातून आपला क्रेट ओळखायचा तो मार्कवरूनच. सगळे क्रेट एकाच साच्यातले, ऊन खाऊन विटलेले, कडा तुटलेले. मार्क पुसला गेला की क्रेट गेला म्हणून समजायचं.

पण मार्कवरून नुसता क्रेट ओळखत नाहीत, माणूसही ओळखतात. काही लोक वरच्या थराला निवडक टोमॅटो मांडतात आणि खाली वाटेल ते भरतात. वडील त्याला म्हणायचे, "वर नवरदेव, खाली सगळं वऱ्हाड." म्हणून व्यापारी क्रेटात कोपरापर्यंत हात घालतो आणि तळाचा टोमॅटो वर काढून बघतो. आमच्या क्रेटात कुणी हात घालत नाही. लाकडी खोक्यांच्या काळापासून घालत नाही. वर जे, तेच तळाला. हे मी फुशारकी मारायला सांगत नाही. म्हणजे खरं तर फुशारकी मारायलाच सांगतोय. मिरवावी अशी एवढी एकच गोष्ट माझ्याकडं आहे, ती कशाला लपवू?

वडील गेल्यावर पुष्कळांनी सांगितलं, आता स्वतःची अक्षरं टाक. मी टाकली नाहीत. मार्क कमवायला एक आख्खं आयुष्य लागतं, आणि ते वडिलांनी घातलं होतं. माझं काम तो सांभाळायचं. दर वर्षी हंगामाच्या तोंडावर क्रेट धुवायचे, उन्हात वाळवायचे आणि ब्रश घेऊन बसायचं. हे काम मी दुसऱ्या कुणावर सोडत नाही. रा आणि ब कुणालाही जमतील, पण धों अवघड आहे. काना, मात्रा आणि टिंब सगळं एकाच्याच डोक्यावर. रंग थोडा पातळ झाला की टिंब ओघळून खाली येतं.

विमानतळांनाही मार्क असतात, हे मला पोरीच्या तिकिटावरून कळलं.

पोरगी आमची एकुलती एक. पुण्यात राहून नर्सिंगचं शिकली, मग तिथंच जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या आणि जर्मनीतल्या श्टुटगार्ट नावाच्या शहरात हॉस्पिटलात नोकरी मिळवली. आमच्या घरातून मुंबईच्या पलीकडं गेलेला तोवर फक्त टोमॅटो होता. तिकीट फोनवर आलं तेव्हा ती ओट्यावर बसून मला दाखवत होती. मोठ्या अक्षरांत बीओएम, मग बाण, मग मधल्या विमानतळाची तीन अक्षरं, परत बाण, आणि शेवटी एसटीआर.

"ह्ये काय लिव्हलंय?" मी विचारलं.

"एअरपोर्टचे कोड, पप्पा. जगातल्या प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरं दिलेली असतात. बॅगेच्या टॅगवर तीच मोठी छापतात, म्हणजे बॅग कुठल्या विमानात टाकायची ते लोडिंगवाल्यांना कळतं."

"म्हंजी मार्क."

"मार्क नाय हो. कोड."

"तेच ते. क्रेट काय आन् बॅग काय."

ती हसली, पण मला त्या दिवसापासून नादच लागला. दुपारी जेवण झालं की मी फोन घेऊन बसायचो आणि एकेका गावाचा कोड काढायचो. मुंबईचं नाव बदलून किती वर्षं झाली, पण विमानाच्या हिशेबी ती अजून बॉम्बेच, बीओएम. मद्रासचं चेन्नई झालं, पण त्याच्या एमएए या कोडातला मद्रासचा एम कुणी हलवला नाही. हे वाचून मला इतका आनंद झाला की मी बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून सांगितलं. नाव बदललं, माणसं बदलली, तरी मार्क बदलायचा नसतो, हे इतक्या शिकलेल्या विमानवाल्यांनाही पटलेलं होतं. मी वडिलांची अक्षरं का ठेवली हे लोकांना समजावताना माझ्या तोंडाला फेस यायचा. आता मी नुसतं "बीओएम बघा" म्हणायला लागलो.

पोरीनं एकदा सांगितलं, डीयूबी हा कोड डब्लिनकडं आहे, म्हणून दुबईला मधे एक्स घेऊन डीएक्सबी करावं लागलं. हेही आमच्याकडं आहेच. आंबेगावच्या बाजूचा एक शेतकरी, त्याचीही अक्षरं नेमकी रा, धों, ब. वडिलांनी त्याला मार्केटात बसवून चहा पाजला आणि गोडीत सांगितलं, "पावणं, मार्क आमचा आधीचा हाय. तुमी पुढं गोल टाका." त्यानं टाकला, आजही टाकतो. टोरांटोचा कोड वायवायझेड. त्यात टोरांटोचं एकही अक्षर नाही. मला त्या गावाबद्दल उगाचच आपुलकी वाटली. पुण्याच्या पीएनक्यूमध्ये शेवटी क्यू कुठून आला, ते मात्र पोरीलाही सांगता येईना. मी म्हटलं, पुणेकरांनी केलं असेल तर काही तरी कारण असणारच, आपण विचारू नये.

मार्केटातही हा खेळ पसरला. लिलाव संपून ट्रक भरेपर्यंत चहाच्या टपरीवर बसलं की कुणी तरी विचारायचं, "राधोंबा, नागपूर?" मी म्हणायचो, "एनएजी." "कोल्हापूर?" "केएलएच." एका म्हाताऱ्या हमालानं एसटीआर ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "पहिली दोन अक्षरं तर आपल्या एस.टी.ची हायेत राव. पोरगी बरोबर पोचती बघा." घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. पोरीचं जायचं ठरल्यापासून तिचा घास घशाखाली उतरत नव्हता, पण हे ऐकून ती त्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी हसली.

याच सुमारास माझा चुलतभाऊ घरी आला. माझ्याहून लहान, स्वभावानं चांगला, अडल्यानडल्याला त्याचीच जीप कामाला येते. त्याचा मुलगा टोमॅटो करतो. चहा झाल्यावर तो म्हणाला, "भाऊ, राग मानू नका. पोरगी आता तिकडची झाली. उद्या लगीन झालं की आडनावबी बदलल. तुमच्या मागं मार्क कोण लावणार? माझ्या पोराला द्या. त्यो नाव राखंल."

मला राग आला. मी लवकर तापतो, हे गावाला ठाऊक आहे. "मी अजून ह्यो बसलोय हितं. मला पोचवून मंग ये," असं म्हणून मी उठलो. पण त्याचं चुकत होतं असं म्हणता येईना. आमच्याकडं मार्क मुलाकडं जातो. मुलगा नसेल तर पुतण्याकडं जातो. पोरीकडं मार्क गेल्याचं मी कुठं पाहिलं नव्हतं. वडिलांचा मार्क माझ्याबरोबर संपणार, ही गोष्ट मला तेव्हापासून आतल्या आत टोचायला लागली.

जायच्या आदल्या दिवशी तिची बॅग भरून ओसरीत उभी होती. पुण्याहून आणलेली, काळी, चाकांची, चकचकीत. मी तिच्याकडं पाहिलं आणि माझ्या डोळ्यांसमोर क्रेटचा ढीग आला. एवढ्या मोठ्या विमानात असल्या काळ्या बॅगा किती असतील? पोरगी मैत्रिणींना भेटायला गेली होती. मी ऑइलपेंटचा डबा काढला, ब्रश धुतला आणि बॅगेच्या पाठीवर वीतभर अक्षरांत मार्क काढला. धों इतका सुरेख जमला की मीच चार पावलं मागं जाऊन बघत राहिलो.

पोरगी आली, तिनं बॅग पाहिली आणि ती रडायलाच लागली. "पप्पा, ही बॅग आहे, क्रेट नाय. मी काय मार्केटला चाललेय का? सगळे काय म्हणतील मला?" तिनं ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. ऑइलपेंट तो, पाण्याला कसला दाद देतोय. उलट कडेला पांढरा डाग पसरला. मला वाईट वाटलं, पण मी तसं दाखवलं नाही. उलट आणखी एक शहाणपणा केला. चेन फुटू नये म्हणून बॅगेला नायलॉनच्या दोरीचे आडवे-उभे वेढे घातले आणि वरच्या मुठीवरून दोरी घेऊन घट्ट गाठ मारली. ट्रकवर माल बांधतो तशी.

तिच्या आईचं तिसरंच चाललं होतं. तिनं मासवड्या केल्या होत्या, आणि मोठ्या बॅगेत त्या दबतील ही तिची काळजी. म्हणून हातातल्या पिशवीतून पोरीची कागदपत्रांची फाइल काढून तिनं मासवड्यांचा डबा तिथं बसवला. नर्सिंगची मूळ प्रमाणपत्रं, भाषेची प्रमाणपत्रं, सगळं त्या फाइलमध्ये. ती फाइल तिनं स्वतःच्या चांगल्या साडीत गुंडाळली आणि मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवली. "हातातली पिशवी कुनीबी हिसकंल," ती मला म्हणाली, "तळाचं कोन काढतंय?" मलाही ते पटलं. पासपोर्ट तेवढा पोरीच्या गळ्यात होता. फाइल हलवल्याचं तिला सांगायला हवं होतं, पण घरात पाहुणे, कोण कुणाला काय सांगतंय.

चुलतभावाच्या जीपमधून आम्ही आठदहा माणसं तिला सोडायला निघालो. आळेफाट्याला चहा घेतला, माळशेज उतरलो, तरी पोरगी माझ्याशी बोलेना. कल्याण आलं तेव्हा फक्त म्हणाली, "पप्पा, खिडकी लावा, धूळ येतेय." विमानतळावर आत सोडत नाहीत, दारातच निरोप. तिनं आईला मिठी मारली, माझ्या पाया पडली. मग ट्रॉलीवर बॅग ठेवली आणि मार्कची बाजू आत, स्वतःकडं फिरवून घेतली, बाहेरच्यांना दिसू नये म्हणून. हे मी पाहिलं. मी पाहिलं हे तिनंही पाहिलं. मला ते लागलं. परतीच्या वाटेवर मी मागच्या सीटवर डोळे मिटून बसलो, म्हणजे कुणी बोलू नये.

दुसऱ्या दिवशी फोन आला. ती पोचली होती. आवाज रडवेला होता. "मासवडी पोचली, पप्पा. बॅग नाय पोचली. आन् पिशवीत फाइल नाय."

बायको देवघराकडं गेली. फाइल कुठं आहे ते मीच पोरीला सांगितलं. मग तिनं सांगितलं की हॉस्पिटलात रुजू व्हायच्या दिवशी मूळ कागद दाखवावे लागतात, फोनमधल्या फोटोंवर भागत नाही. आठवड्याभराची सवलत देऊ म्हणाले, पण जागा त्याहून जास्त रिकामी ठेवता येणार नाही. कागद नाहीत तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर परत यायचं. तिनं इतकी वर्षं पुण्यात एका खोलीत राहून, रात्रपाळ्या करून, परक्या भाषेची पाठांतरं करून जे मिळवलं होतं, ते सगळं त्या काळ्या बॅगेच्या तळाशी साडीत गुंडाळलेलं होतं.

काय झालं ते हळूहळू कळलं. माझ्या दोरीच्या वेढ्यांखाली बॅगेची मूठ गेली होती. काउंटरवरच्या मुलीनं टॅग मुठीला बांधायचा तो दोरीलाच बांधला. टॅगशिवाय एक छोटी चिठ्ठीही बॅगेला चिकटवतात, ती नेमकी माझ्या ओल्या रंगावर चिकटवली गेली, ती काय टिकणार. पुढं कुठल्या तरी पट्ट्यावर दोरी अडकून तुटली आणि टॅग दोरीबरोबर गेला. म्हणजे माझी पोरगी एसटीआरला, आणि बॅग मधेच कुठं तरी, तिच्यावर कुठल्याच गावाची अक्षरं नाहीत. त्या मधल्या विमानतळाचा कोड मी इथं लिहीत नाही. चूक माझ्या दोरीची होती, त्यांना कशाला बदनाम करायचं?

मार्केटात बातमी माझ्याआधी पोचली होती. ट्रकवरचे हमाल काम थांबवून विचारायचे, "राधोंबा, बॅगेचं काय?" जो तो फोन काढून त्या विमानतळांची अक्षरं बघत होता. चुलतभाऊ आला, शेजारी बसला आणि म्हणाला, "भाऊ, काळजी करू नका. नाय झालं काय, तर पोरगी हितं पुण्यात नोकरी करंल. घरच्याजवळ राहील." तो धीर द्यायलाच बोलला असेल, पण मला वाटलं, जा, याच्या तोंडात साखर पडायची तर मीठच पडो. रागवायलाही अंगात जोर लागतो, तो उरला नव्हता.

पोरगी रोज विमानतळावरच्या, हरवलेल्या बॅगांच्या कचेरीत जात होती. मग एका दुपारी तिचा फोन आला. मी शेतात होतो.

"पप्पा, मार्कचा फोटो पाठवा."

"कसला मार्क?"

"आपला मार्क. राधोंब. क्रेटचा काढून पाठवा, मोठा. आत्ता."

मी काही विचारायच्या आत तीच बोलायला लागली. कचेरीतल्या बाई म्हणाल्या होत्या, टॅग नसलेल्या बॅगा ठेवायला वेगळी खोली असते, पण तिथं काळ्या, चाकांच्या बॅगा खंडीभर. बॅगेवर एखादी खूण आहे का? "आन् मी पहिल्या दिवशी नाय म्हणून सांगितलं, पप्पा," ती म्हणाली. "खूण नाय म्हटलं. मला सांगायची लाज वाटली. काय सांगणार, टोमॅटोचा मार्क हाय म्हणून? आज सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याचं चित्र द्या."

मी बांधावर उभा होतो. पोरीला माझ्या वडिलांच्या अक्षरांची लाज वाटली, हे काही ऐकायला गोड नव्हतं. पण ते तिनं आपणहून, इतक्या लांबून, रडत रडत सांगितलं. असं सांगायला काळीज लागतं. आमच्या भावकीत ते किती जणांकडं आहे, मोजायला गेलं तर वेळ लागणार नाही. "पाठवतो," मी म्हणालो आणि घराकडं सुटलो.

शेडमधून त्यातल्या त्यात चांगला क्रेट निवडला, घासून धुतला, मार्कच्या अक्षरांवर कोरडं फडकं फिरवलं आणि अंगणात उन्हाला उभा केला. पहिल्या फोटोत माझा अंगठा आला, दुसऱ्यात कोंबडी. तिसऱ्या वेळी बायकोनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. "तुमी क्रेट धरा. तेवढंच जमंल तुमाला." मी क्रेट छातीशी धरून उभा राहिलो. शाळेत पाटी धरून उभं करायचे तसा. पोरीनं तोच फोटो पुढं दिला, मला कापायचेही कष्ट घेतले नाहीत. म्हणजे दोन देशांच्या बॅगवाल्यांनी मला धोतर-बंडीत, क्रेटसकट पाहिलेलं आहे.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते आठवायचं म्हटलं तरी नको वाटतं. मार्केटला जायचो, क्रेट उतरवायचो, पण कुणी भाव बोलला तर तो कानात शिरायचा नाही. तिची मुदत संपत आली होती.

फोटो आला तेव्हा मी चहाच्या टपरीवर होतो. पोरीनं काही लिहिलं नव्हतं, नुसता फोटो. कुठल्या तरी मोठ्या खोलीतली लोखंडी मांडणी, तिच्यावर बॅगांच्या रांगा, सगळ्या काळ्या-करड्या. आणि खालच्या रांगेत एका बॅगेच्या पाठीवर, वीतभर पांढऱ्या अक्षरांत, वर जाड रेघ, राधोंब. दोरी नाही, टॅग नाही, मार्क शाबूत. ऊन, पाऊस, ट्रकचे धक्के, हमालांचे लोखंडी आकडे, सगळं खाऊन उरणारा रंग तो. विमानाला काय भीक घालतोय.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. चहावाला सांगतो की मी "सापडला, सापडला" ओरडत बाकावर उभा राहिलो. फोन या हातातून त्या हातात फिरत गेला. ज्या हमालांनी जन्मभर त्या ढिगातून आमचे क्रेट काढून दिले होते, ते फोनमध्ये डोळे घालून, परदेशातल्या बॅगांच्या ढिगातून आमचा मार्क बोटानं दाखवत होते. "ह्यो बघ राधोंब. ह्यो बघ." जणू त्यांनीच शोधून काढला. त्या दिवशी माझी छाती किती फुगली होती ते मी सांगत नाही, लोक हसतील. वडील हवे होते, एवढंच सारखं वाटत राहिलं. ज्या माणसानं मुंबईही दोनदाच पाहिली, त्याची तीन अक्षरं बघून परक्या मुलखात कुणी तरी म्हणालं होतं, ही बॅग अमक्याची.

बॅग एसटीआरला पोचली. साडीत गुंडाळलेली फाइल जशीच्या तशी निघाली. मुदत संपायच्या आत पोरीनं कागद दाखवले आणि ती रुजू झाली. तिच्या आईनं गावात पेढे वाटले, आणि पेढे देताना प्रत्येकाला मासवडीचा डबा फुटला कसा नाही हेही सांगितलं. फाइल कुणी हलवली होती, ते सांगितलं नाही. मीही दोरीचा विषय काढत नाही. आमचा संसार असा चालतो.

यंदा ती पहिल्यांदा सुट्टीवर आली. तीच जीप, तोच चुलतभाऊ, जवळजवळ तीच माणसं. आम्ही दाराबाहेर गर्दीत उभे होतो. बाकीचे येणाऱ्यांचे चेहरे बघत होते. मी ट्रॉल्यांवरच्या बॅगा बघत होतो, मार्केटची सवय. म्हणून पोरीच्या आधी मला मार्क दिसला. काळी बॅग ट्रॉलीवर सगळ्यात पुढं, पाठ बाहेरच्या बाजूला केलेली, गर्दीतल्या शेवटच्या माणसालाही वाचता यावं अशी. बॅगेच्या मागं, चेहऱ्यानं थोडी वाळलेली, केस कापलेली, आमची पोरगी.

जवळ आली तेव्हा खालची दुसरी बॅग दिसली. नवी, हिरवी, तिकडंच घेतलेली. तिच्यावरही मार्क होता. पण तो हात माझा नव्हता. रेघ तिरकी, रा कलंडलेला, आणि धोंचं टिंब ओघळून पार ब च्या डोक्यावर गेलेलं. तिनं तिकडं रंग मिळवून, आपल्या खोलीत बसून, एकटीनं काढला होता.

आईच्या मिठीतून सुटल्यावर तिनं मला त्या बॅगेकडं बघताना पाहिलं. "पप्पा, हसू नका. धों लई अवघड हाय."

मी वाकून त्या ओघळलेल्या टिंबावर अंगठा फिरवला. मला चारचौघांत रडायचं नव्हतं. म्हणालो, "रंग पातळ झाला तुझा. उद्या क्रेट रंगवायला बस माझ्यासंगं. हात बसंल."

"बसते की," ती म्हणाली. "मला शिकायचाच हाय."

चुलतभाऊ शेजारी उभा होता. त्यानं दोन्ही बॅगा नीट पाहिल्या, एकदा पोरीकडं पाहिलं आणि डोकं खाजवलं. "म्हंजी मार्क गेला म्हणायचा, भाऊ."

"गेला न्हाई," मी म्हणालो. "पोचला."

बॅगा जीपच्या टपावर चढवल्या. माळशेजचा घाट होता, दोरी बांधणं भागच होतं. मी दोरीला हात लावला नाही. ती चुलतभावानंच बांधली, आणि बांधताना आपणहून दोन्ही बॅगांवर दोरी कडेनं घेतली, मार्कवरून जाऊ दिली नाही.